मठ गेला, मळा राहिला!

आपल्याकडे प्रत्येक क्षेत्राला स्वतःचं स्थलपुराण असतं. जर्मनीतल्या एबरबाख मठालाही आहे. संत बर्नार्ड मठासाठी जागा शोधत ऱ्हाईन नदीकाठच्या जंगलात आले, तेव्हा झुडपातून एक रानडुक्कर धावत आलं आणि त्यानं सुळ्यांनी जमीन उकरून मठाची हद्द आखून दिली, अशी तिथली आख्यायिका. गंमत म्हणजे जर्मन भाषेत 'एबर' म्हणजे रानडुक्कर आणि 'बाख' म्हणजे ओढा!

आख्यायिका राहू द्या. इतिहास असा की ११३६ साली फ्रान्समधल्या क्लेरव्हो मठातून काही साधू इथे वस्तीला आले. पंथ सिस्टर्शियन. या पंथाचा दंडक मोठा कडक. दुसऱ्याच्या दानावर जगायचं नाही, हातांनी कष्ट करायचे आणि पोट भरायचं. प्रार्थना झाली की शेत, शेत झालं की प्रार्थना. व्रत घेतलेले कष्टकरी बंधू मठातच वेगळ्या इमारतीत राहत. शेतीचा मोठा भार त्यांच्याच खांद्यावर असे.

जागाही अशी मिळाली की विचारू नका. एरवी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारी ऱ्हाईन या टापूत पश्चिमेकडे वळते. त्यामुळे तिच्या उजव्या तीरावरचे उतार दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खातात. पाठीशी असलेले टाउनुस डोंगर उत्तरेचा बोचरा वारा अडवतात. थंड देशात द्राक्षाला आणखी काय हवं? साधूंनी जंगल तोडलं, उतारावर वेली लावल्या. मठाजवळची 'श्टाईनबर्ग' ही बाग तर त्यांचा जीव की प्राण. सुमारे ३२ हेक्टरच्या या बागेला अठराव्या शतकात त्यांनी उंच दगडी भिंत घातली. ती आजही उभी आहे.

हे साधू व्यवहारातही कच्चे नव्हते. मठाची वाइन ऱ्हाईनमधून मठाच्याच जहाजांनी थेट कोलोनच्या बाजारात जायची. वाटेतली जकातही माफ करून घेतली होती! १५०० साली त्यांनी तळघरात एक अजस्र लाकडी पिंप बांधलं. त्यात सुमारे ७० हजार लिटर वाइन मावायची. पुढे १५२५च्या शेतकऱ्यांच्या उठावात बंडखोरांनी मठाजवळच तळ ठोकला आणि त्या पिंपाचा यथेच्छ समाचार घेतला.

पण खरा घाव बसला १८०३ साली. फ्रान्सशी झालेल्या युद्धांनंतर जर्मन राजांना नुकसानभरपाई हवी होती. ती चर्चच्या मालमत्तेतून देण्यात आली. एबरबाख नासाऊच्या राजाकडे गेलं. साधूंना सहा शतकांहून जुनं घर सोडावं लागलं. जिथे मौन पाळलं जायचं, तिथे आधी कैदी आले, मग मनोरुग्ण. तुरुंग तर १९१२पर्यंत चालू होता.

मळ्याचं काय झालं? इथेच या कथेतली खरी शिकवण आहे. मठ बंद झाला, पण मळा मोडला गेला नाही. नासाऊच्या राजांनी तो राखला, १८६६नंतर प्रशियाच्या सरकारनं राखला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हेसे राज्यानं. आपल्याकडे दोन पिढ्या गेल्या की सात-बारावर नावांची रांग लागते आणि शेताच्या चिंधड्या होतात. श्टाईनबर्गचे मालक बदलले, पण बागेचे तुकडे पडले नाहीत.

पर्यटक आले ते यानंतर. १९८६ साली 'द नेम ऑफ द रोज' हा शॉन कॉनरीचा चित्रपट आला. त्यातल्या मठाच्या अंतर्भागाची बरीच दृश्यं एबरबाखमध्ये चित्रित झाली होती. जगानं त्या कमानी पडद्यावर पाहिल्या. आज साधूंच्या लांबलचक शयनगृहातून लोक फिरतात, जुने लाकडी द्राक्षघाणे पाहतात (त्यातला सर्वांत जुना १६६८चा!) आणि चर्चमध्ये संगीताच्या मैफली ऐकतात. राहायला खोल्या आहेत, जेवायला उपाहारगृह आहे. इमारतींची देखभाल १९९८पासून एक सार्वजनिक न्यास करतो. द्राक्षबागा आणि वाइन राज्य सरकारच्या मालकीची कंपनी सांभाळते. दगडाची काळजी एकाकडे, वेलीची दुसऱ्याकडे!

वाइन न घेणाऱ्यांनाही इथे पाहण्यासारखं खूप आहे. कारण ही नुसती 'पाहण्याची' जागा नाही. भिंतीआड अजून छाटणी होते, तोडणी होते, पिंपं भरली जातात. मळा थांबला असता, तर उरली असती एक सुबक पण निर्जीव वास्तू. तिकीट काढून लोक आलेही असते, पण एकदाच.

नाशिककरांनी हे ध्यानात घ्यावं असं वाटतं. तिथेही वाइनचा जम बसल्यावर द्राक्षबागेत सहल काढायची नवी हौस निर्माण झाली आहे. पाहुणे यावेत, चार पैसे शेतकऱ्यालाही मिळावेत. पण पाहुणा येतो तो बागेसाठी. खोल्या बांधता बांधता बागच आक्रसली, तर तो पुन्हा कशाला येईल?

एबरबाखची एक गोष्ट मात्र परत आली नाही. चर्चमध्ये सूर घुमतात, पण ते मैफलीचे. पहाटे उठून प्रार्थना म्हणणारे आणि मग खांद्यावर कुदळ टाकून उतार चढणारे ते साधू तिथे नाहीत. पर्यटन छप्पर वाचवू शकतं, भिंत डागडुजी करून उभी ठेवू शकतं. गेलेली माणसं परत आणणं त्याच्या हाती नसतं. त्यांनी लावलेला मळा हिरवा ठेवणं, एवढंच मागे राहिलेल्यांच्या हाती असतं. हेसेच्या लोकांनी तेवढं केलं. आणि तेवढंही थोडं नाही!