गाठीवर उपचार झाले, मनाचे काय?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीत कुणाला कॅन्सर निघाला, की घरात दोन नावे पुढे येतात. एक मुंबईचे टाटा आणि दुसरे गोव्यातले बांबोळी. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागल्यापासून मुंबई एका रात्रीवर आली. चाकरमान्याच्या खोलीत नाहीतर धर्मशाळेत राहून किमो होते, शेक होतो. मग माणूस गावी परत येतो आणि घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे.

पण खरी अडचण पुष्कळदा इथूनच सुरू होते. माणूस खळ्यात बसून राहतो. बोलत नाही, भजनाला जात नाही, बागेत फिरकत नाही. विचारले तर एवढेच म्हणतो, "माझ्यावर आता पैशे घालू नकात." घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे, भरेल हळूहळू. किमोमुळे थकवा येतो, भूक मरते, झोप जाते हे खरेच. पण मन खचल्याची लक्षणेही हीच. त्यामुळे दुसरा आजार पहिल्याच्या आड लपतो.

हा दुबळेपणा नव्हे

'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय मासिकाने २०११ साली अनेक देशांतल्या ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. त्यानुसार कॅन्सरच्या शंभर रुग्णांत तीस ते चाळीस जणांना उदासीनता, चिंता किंवा परिस्थितीशी जुळवून न घेता येण्याचा त्रास असतो. म्हणजे हे काही एखाद्याचे रडगाणे नव्हे. मन खचले की माणूस गोळ्या चुकवतो, तपासणीची तारीख टाळतो, उपचार अर्ध्यावर सोडतो. मनाकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत शेवटी शरीरच मोजते.

लपवाछपवीचा घोळ

आपल्याकडे रुग्णाला आजाराचे नाव सांगत नाहीत. "जरा गाठ आसा, बरी होतली" एवढेच सांगायचे. हेतू मायेचा असतो. पण टाटाच्या रांगेत बसलेल्याला कळायचे राहते थोडेच? त्याला कळलेले असते, घरच्यांना ते माहीत असते, आणि तरी दोघेही गप्प. भीती बोलून दाखवायला जागाच उरत नाही. शिवाय सातबारा, सोसायटीचे कर्ज, होडीची मालकी, वाटप हे सारे मनाला लागलेले विषय तसेच लोंबकळतात. किती सांगायचे ते रुग्णाच्या इच्छेने, डॉक्टरांच्या मदतीने ठरवावे. पण तो विचारतो तेव्हा खोटे बोलू नये.

दुसरा घोळ वाडीचा. अजूनही कुठे रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवतात. शिवल्याने, एकत्र जेवल्याने कॅन्सर होत नाही. भेटायला येणारे "अमक्याला हाच झाला होता, तो गेला" असे सांगून जातात. त्यापेक्षा न आलेले बरे!

काय करता येईल

दोन आठवड्यांहून अधिक दिवस झोप नाही, कशात मन नाही, "मी ओझे झालो" असे बोलणे सुरू, तर थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलला, तर त्याला एकटे सोडू नये आणि फवारणीचे औषध कुलपात ठेवावे. २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट, मराठीतून, रात्री-अपरात्रीही बोलता येते. रुग्णाची सेवा करणारी बायको, सून किंवा मुलगा खचला असेल, त्यालाही तिथे बोलता येते. वेड लागलेल्यांनीच तिथे फोन करायचा असतो, ही समजूत सोडून द्यावी.

निम्मी चिंता पैशांची असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रुग्णालयाचा दाखला असेल, तर उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर वर्गात रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. निराधार झालेल्या रुग्णाला संजय गांधी योजनेचा अर्ज करता येतो. हे कागद ग्रामसेवक, तलाठ्यांनी घरी जाऊन भरून दिले, तर तेही औषधच ठरेल.

केंद्राच्या २०२५च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सर डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली आहे. ओरोसला असे केंद्र चालेल, तेव्हा तिथे किमोच्या खाटेशेजारी मनाचे ऐकणारा समुपदेशकही हवा. तसा ठराव ग्रामसभांनी आतापासून करावा. आणि गावकऱ्यांनी? खळ्यात जाऊन रुग्णाजवळ घटकाभर बसावे. सल्ला देऊ नये. मासळीचे, आंब्याच्या मोहराचे बोलावे आणि तो बोलू लागला की ऐकावे.