शेतकऱ्याच्या डोक्यातच बिघाड आहे म्हणे!



आपल्या घरावर दोन शिक्के मारले जातात. पोरगं चौथीत गेलं तरी त्याला वाचता येईना, की शाळा म्हणते, 'ढ आहे.' बाप कर्जाने वाकला, बोलेनासा झाला आणि एके दिवशी त्याने जीव दिला, की पंचनामा म्हणतो, 'मनाने कमकुवत होता.' दोन्ही शिक्क्यांचा अर्थ एकच. दोष डोक्यात आहे. म्हणजे शाळेत नाही, बाजारात नाही आणि सरकारच्या धोरणात तर नाहीच नाही.

या शिक्क्यांना आम्ही वर्षानुवर्षे उत्तर देत आलो. पण उत्तर देताना आमचीही एक चूक झाली. ती आज सभेपुढे उघडपणे मांडायची आहे.

आधी सरकारचा हिशेब पाहू. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचा शासननिर्णय २००६ सालचा. त्याच्या अटी अशा : जमीन कुटुंबाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ते थकलेले हवे आणि वसुलीचा तगादा हवा. आता आपल्या दोन जिल्ह्यांत पाहा. ज्याच्या जबरानजोतीचा पट्टा अजून निघाला नाही, त्याचे घर पहिल्याच अटीला अडखळते. ज्याने कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे आणले आणि मेव्हण्याकडून हातउसने घेतले, तो दुसऱ्या अटीला पडतो. मग फाइलवर शेरा येतो, 'अपात्र.' आणि गावात कुजबूज सुरू होते, 'दारू पीत होता, डोकं ठिकाणावर नव्हतं.'

डोके ठिकाणावर का राहत नाही, याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना बुद्धीची कोडी घातली. एकदा तोडणीच्या आधी, हात तंग असताना. दुसऱ्यांदा तोडणीनंतर, पैसा हाती आल्यावर. माणूस तोच, डोके तेच. पण तोडणीआधी त्याचे गुण स्पष्टपणे कमी आले. हा निष्कर्ष २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. खाण्यापिण्यातला किंवा कष्टातला फरक हे त्याचे कारण नाही, हेही त्यांनी तपासले. पैशाची चिंता डोक्यातली जागा व्यापते आणि विचार करायला उरते ती अपुरी पडते, असे त्यांचे म्हणणे. एका अभ्यासाने सारे सिद्ध होत नाही, हे खरे. पण मृगाच्या तोंडावर बियाणे, खत आणि पोरांच्या वह्या यांचा एकाच वेळी हिशेब घालणाऱ्या कोणत्याही कास्तकाराला हा अनुभव नवा नाही.

म्हणजे गरिबाचे डोके कमी नसते, तंगी ते कमी करते. आणि तंगी कोण करते? २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. दोन वर्षांत तो ७ हजारांच्या आसपास आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, बोंडे फुटायच्या आधीच, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. इतके झाल्यावर त्याच सरकारने आम्हाला मन खंबीर ठेवण्याचे प्रवचन द्यावे, हा शहाजोगपणा आहे.

आता आमची चूक. 'आमचे डोके ठीक आहे, आम्हाला भाव द्या, डॉक्टर नको,' असे आम्ही सभांमधून म्हणत आलो. टाळ्या मिळाल्या. पण मनाचा आजार हा आजार आहे आणि तो बाजाराची वाट पाहत बसत नाही. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशात रस नाही, आपण घराला ओझे झालो असे सारखे वाटते. हे नाटक नव्हे आणि आळसही नव्हे. ते नैराश्य आहे. उद्या भाव चढला तरी ते आपोआप उतरेलच असे नाही. आणि ते फक्त पुरुषाला होत नाही. दिवसभर कापूस वेचून रात्री चूल पेटवणाऱ्या बाईला तर 'तुला काय झालं?' असे विचारायलाही कोणी नसते. भाव मागायच्या नादात आम्ही तिला विचारले नाही. ही आमची चूक.

औषध आहे का? आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवले, त्यांनी घरोघर जाऊन या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली, धीर दिला, गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. आधी नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी जेमतेम ४ जण उपचार घेत होते. दीड वर्षात ते २७ झाले. आजाराचे प्रमाणही घटलेले दिसले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त हे आकडे आले. परदेशी यंत्रे लागली नाहीत, लागली ती शिकवलेली माणसे. अमरावतीत जमते ते वरोरा, राजुरा आणि चामोर्शीत का जमू नये? सिरोंचा-भामरागडच्या माणसाने नागपूरच्या मनोरुग्णालयाची वाट धरायची, तर जाण्यायेण्यातच मजुरी बुडते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे तो गृहीत धरतो. त्याच्या उपचाराची आणि पुनर्वसनाची जबाबदारी तो सरकारवर टाकतो. जगलेल्याच्या बाबतीत ताण मान्य करायचा आणि मेलेल्याच्या घरी जाऊन फक्त सातबारा शोधायचा, हा कुठला न्याय?

बापाचे झाले, आता लेकराचे. 'ढ' म्हटलेल्या पोरांत दोन अगदी वेगळी पोरे असतात. एक हिशेबाला, बोलायला, कामाला हुशार. पण अक्षरे त्याच्यापुढे जुळत नाहीत, 'ब' आणि 'व' एकच वाटतात, वाचलेली ओळ पुन्हा वाचता येत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. ती जन्मजात असते. बुद्धी कमी असल्याची ती खूण नव्हे आणि मारून ती जात नाही. नीट, वेगळ्या पद्धतीने शिकवले तर असे पोर शिकते. महाराष्ट्राने १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती दिल्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वात याचा समावेश केला. पण सवलतीला प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राला तपासणी लागते आणि तपासणीला तज्ज्ञ लागतो. शहरातला पालक गाडी काढून जातो. आमच्या पोराला मास्तर मागच्या बाकावर बसवतात आणि आम्ही त्याला सातवीतून काढून ढोरांमागे पाठवतो. यात आमचाही हात आहे.

दुसरे पोर त्याहून निराळे. जिवतीच्या पहाडावर घरात गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलली जाते. भामरागडला माडिया. ते लेकरू शाळेत येते आणि पहिल्या दिवसापासून मराठीत प्रश्न ऐकते. त्याच्या डोक्यात काही बिघाड नाही. शाळा त्याच्याशी परक्या भाषेत बोलते, इतकेच. वाचनाची अडचण ओळखण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी केली. ती आधी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत निघाली. मराठी आली हे चांगलेच झाले. पण माडिया पोराला मराठीत तपासून नापास करणे म्हणजे धानाच्या बांधीत पऱ्हाटी लावून पीक आले नाही म्हणून जमिनीला शिव्या देणे.

म्हणून या सभेपुढे चार ठराव ठेवत आहोत.

पहिला : उत्पादन खर्चावर आधारित भाव. यात तडजोड नाही. मनाच्या दवाखान्याचे नाव घेऊन ही मागणी कोणी मागे ढकलू नये.

दुसरा : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मानसोपचार तज्ज्ञ आणि औषधे. गावोगावच्या आशाताईंना या कामाचे प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला.

तिसरा : मदतीच्या चौकशीत जबरानजोत, उधारी आणि हातउसने धरले जावे. आजार किंवा व्यसन हे नकाराचे कारण होऊ नये.

चौथा : अध्ययन अक्षमतेची तपासणी तालुक्याला, पोराच्या स्वतःच्या बोलीत.

ठराव सरकारसाठी झाले. आपल्यासाठी एक काम. गावात जो बैठकीला येईनासा झाला, ज्याने बोलणे सोडले, त्याच्या घरी या आठवड्यात दोघांनी जावे. उपदेश करू नये, बसावे आणि ऐकावे. जीव नकोसा झाला का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे उतरते. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत नंबर चावडीवर आणि शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा. तिथे मराठीत बोलता येते, रात्रीसुद्धा.

भाव मागताना आम्ही मान खाली घालत नाही. डॉक्टर मागतानाही घालायची नाही.