शुश्रूषागृहाच्या पाटीवर आपले नाव

पुणे, नाशिक, ठाणे या शहरांच्या कडेने आणि आता तालुक्याच्या गावांतूनही वृद्धांसाठी चालविलेली शुश्रूषागृहे वाढत आहेत. ‘नर्सिंग होम’ हा शब्द आपल्याकडे दहा-वीस खाटांच्या खासगी रुग्णालयाला रूढ आहे. आम्हांला येथे अभिप्रेत आहे ती संस्था निराळी. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश, खुब्याचे मोडलेले हाड अशा कारणांनी परावलंबी झालेली माणसे मासिक शुल्क भरून जेथे महिनोन्महिने, पुष्कळदा अखेरपर्यंत राहतात, ती. अशा अनेक ठिकाणी पाटीवर किंवा माहितीपत्रकात एक ओळ हटकून आढळते : ‘आयुर्वेदतज्ज्ञांची नियमित भेट, पंचकर्माची सोय.’ त्या ओळीखाली आपल्यापैकीच कोणा व्यवसायबंधूचे नाव असते. ती ओळ वाचून एखादे कुटुंब आपल्या आईला तेथे ठेवते, तेव्हा त्या नावावर नेमकी कोणती जबाबदारी येते, या प्रश्नाचा विचार आपल्या व्यवसायात पुरेसा झालेला नाही, असे आमचे मत आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या अधिनियमाने निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची कल्पना मांडली. शुल्क घेऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांचा दर्जा हा त्या तरतुदीचा विषय नव्हे. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम मात्र आपल्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीने दौर्बल्याचाही समावेश करतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना उपचार व शुश्रूषा देणारी जागा या व्याख्येत बसते, असे आम्ही मानतो. तरीही काही चालक ‘आमचा केवळ वृद्धाश्रम आहे’ असे सांगून नोंदणीला बगल देतात आणि त्याच तोंडाने वैद्यकीय देखरेखीची जाहिरात करतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रात या अधिनियमाखालील नियम सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावण्याची अपेक्षा त्यांत आली. आपण जेथे भेट देता तेथे ती भिंतीवर आहे काय, हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

परंतु सनद लावल्याने शुश्रूषा सुधारते असे नाही. तिची खरी पारख कुटुंबीयांना असते, आणि त्यांचे ऐकण्याची पद्धत फारशी कोठे नाही. ते सांगतात त्या गोष्टी दिसायला लहान असतात. आजोबांच्या तोंडात दुसऱ्याच कोणाची कवळी बसविलेली सापडते. चष्मा हरवून तीन आठवडे झाले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. श्रवणयंत्र खणात सुरक्षित असते, मात्र त्यातील सेल संपलेला असतो, आणि ‘हल्ली त्या काही बोलत नाहीत’ अशी नोंद होते. रविवारी नखे कापलेली, केस विंचरलेले, अंगाला पावडर लावलेली. मंगळवारी अवचित गेलेल्या सुनेला दुपारच्या एक वाजता ओले अंथरूण दिसते. दूरध्वनीवर ‘आई जेवली का?’ असे विचारले की ‘हो, जेवल्या’ हे उत्तर ठरलेले. किती जेवल्या, कोणी भरविले, बसवून भरविले की आडवे असतानाच, याचे उत्तर मिळत नाही.

आणि यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की कुटुंबीय तक्रार करीत नाहीत. आपण बोललो तर त्याचा राग रात्री आपल्या माणसावर निघेल, ही भीती त्यांच्या मनात असते. शिवाय आई-वडिलांना ‘ठेवले’ याची बोच असते, नातलगांचे टोमणे असतात, आणि तक्रार केलीच तर ‘मग घरी घेऊन जा’ या उत्तराची धास्ती असते. दोन खोल्यांच्या घरात, दोघांच्या नोकऱ्या सांभाळून, उठून बसता न येणाऱ्या माणसाचे चोवीस तास करणे अनेकांना खरोखरच अशक्य आहे. २०११ च्या जनगणनेतच देशातील साठीपुढील व्यक्तींची संख्या दहा कोटींवर गेली होती. अशा संस्थांची गरज आता कमी होणार नाही. कुटुंबांना कर्तव्याची प्रवचने देण्याचा अधिकार त्यामुळे आपल्याला पोहोचत नाही. (कुटुंबेही निर्दोष नसतात. औषधांच्या चार पिशव्या कार्यालयात ठेवून, कोणते चालू व कोणते बंद हे न सांगता निघून जाणारे पुत्र आपण सर्वांनी पाहिले आहेत.)

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार, असे एकूण सोळा गुण. वैद्याच्या प्राधान्याचा भाग आपल्या व्याख्यानांतून नेहमी येतो. माती, दांडा, चक्र सारे असूनही कुंभारावाचून घट होत नाही, हा दृष्टान्त सर्वांना प्रिय आहे. ‘रोगी’ या पादाकडे मात्र तितके लक्ष जात नाही. रोग्याच्या गुणांत स्मृती आहे आणि ज्ञापकत्व आहे, म्हणजे आपल्याला काय होते ते आठवणे आणि वैद्याला सांगता येणे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे हेच दोन गुण गेलेले असतात. पक्षाघाताने वाचा गेलेल्याचा निदान एक तरी गेलेला असतो. मग ते कोणाकडे असतात? त्या माणसाबरोबर चाळीस वर्षे संसार केलेल्या पत्नीकडे, लेकीकडे, सुनेकडे. ‘बाबा असे कपाळ चोळू लागले की त्यांचे पोट दुखत असते’ हे सांगणारी मुलगी त्या क्षणी रुग्णाचेच ज्ञापकत्व वाहून आणत असते. आप्तांचा अनुभव हा म्हणूनच केवळ भावनेचा वा ग्राहकसमाधानाचा विषय नव्हे. तो चिकित्सेच्या एका पादाचा भाग आहे. भेटीची वेळ चार ते पाच अशी आवळून कुटुंबाला दाराबाहेर ठेवणारी संस्था रुग्णाचे दोन गुण दाराबाहेर ठेवते. २०२० च्या साथीत भेटी बंद करणे भाग पडले होते. ते कारण सरल्यावरही जेथे आप्तांना केवळ चालकांच्या सोयीसाठी दूर ठेवले जाते, तेथे भेट देणाऱ्या वैद्याने त्याचा जाब विचारला पाहिजे.

याचा सर्वांत मोठा कस लागतो तो झोपेच्या तक्रारीत. भेटीच्या दिवशी चालक सांगतात, ‘डॉक्टर, खोली नंबर चारमधल्या आजी रात्री झोपत नाहीत, सगळ्यांना उठवतात, काहीतरी द्या.’ ही तक्रार कोणाची, हा पहिला प्रश्न. आजींनी ती केलेली नसते. सायंकाळी साडेसहाला जेवण आणि साडेसातला दिवे बंद, अशी व्यवस्था असेल तर रात्री दोनला जाग येणे हा रोग नव्हे. तोपर्यंत साडेसहा तास झोप झालेली असते. दिवसभर उद्योग नाही म्हणून दिवास्वाप घडतो, तो वेगळाच. मलावष्टंभ असेल, लघवी तुंबली असेल, मोडलेला खुबा कुशीवर दुखत असेल, संध्याकाळच्या चहाचा परिणाम असेल. कालपर्यंत शांत असलेली व्यक्ती दोन दिवसांत एकाएकी बडबडू लागली, भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता, नवे सुरू झालेले औषध यांचा शोध आधी घ्यावा लागतो. यांतले काही न पाहता निद्राजनक कल्प लिहून देणारा वैद्य रात्रपाळीची सोय करतो, रुग्णाची नव्हे. आधुनिक डॉक्टरांची झोपेची गोळी आधीच चालू असेल, तर त्यावर अश्वगंधा-जटामांसीचे योग चढविणे म्हणजे पहाटे शौचाला उठताना पडण्याला आमंत्रण. सर्पगंधेविषयी तर बोलायलाच नको : रक्तदाब उतरवणारे, उभे राहताच चक्कर आणणारे, मनाला अवसाद आणणारे हे द्रव्य वृद्धाला झोपेसाठी देणे आम्हांला मान्य नाही.

येथे औषधविक्रेत्या सदस्यांनाही थेट सांगणे आहे. शुश्रूषागृहाच्या नावे महिन्याचे एकच बिल, त्यात त्रिफळा चूर्णाचे मोठे डबे, अरिष्टांच्या बाटल्या, च्यवनप्राश, तेलाचे कॅन. कोणासाठी काय, याचा पत्ता नाही. हे माल पोहोचविणे झाले, औषध देणे नव्हे. डब्यातून चमच्याने जे सर्वांना समान वाटले जाते त्यात मधुमेही आजोबांना साखरेचा अवलेह जातो, आणि यकृताच्या रुग्णाला स्वयंजनित मद्य असलेले अरिष्ट. उच्च रक्तदाबाच्या व मूत्रल गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला खोकल्यासाठी यष्टिमधु महिनोन्महिने चालू राहिला तर रक्तदाब वाढतो, शरीरातील पोटॅशियम घटते. इसबगोल पुरेशा पाण्याविना दिला, आणि गिळण्याची शक्ती मंदावलेली असली, तर तो घशात वा आतड्यात अडकू शकतो. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य आपल्याच दुकानांतून बाहेर पडते आणि सेविकांच्या तोंडी बसते. प्रत्येक रुग्णाचे नाव, मात्रा, अनुपान, वेळ आणि पाकीट फोडल्याची तारीख लिहिलेले स्वतंत्र पाकीट दिल्यास खर्च किती वाढतो? शुश्रूषागृहाला मोठ्या खरेदीवर दिलेली जी सवलत कुटुंबाच्या बिलात कधीच उतरत नाही, तिच्यातून तो सहज भागेल. याउपर लिहिण्याची गरज नाही, जाणणारे जाणतात.

पाटीवरील पंचकर्माविषयी एकच मुद्दा, पण निकडीचा. खाटेवरच्या रुग्णाचे माकडहाड, टाचा, खुबे येथील त्वचा लाल झाली असेल, तर तेथे तेल जिरवून चोळणे हितकारक नाही; खालची ऊती आधीच दबून दुखावलेली असते आणि चोळण्याने तिची हानी वाढते. तेथे हवा आहे तो दाब काढणे : साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा गादीवरून उचलून ठेवणे, अंथरूण कोरडे ठेवणे. अभ्यंगाच्या दरपत्रकात हे काम कोठे नसते, कारण त्याचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. शय्याव्रण झाल्यावर जात्यादि तेलाची बाटली मागविली जाते.

कूस बदलणारे हात कोणाचे? ब्यूरोकडून आलेल्या, बारा-बारा तासांच्या पाळीत उभ्या असलेल्या मावशींचे. अनेकजणी मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेल्या. त्यांना कोणी काही शिकविलेले नसते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्या बदलतात. उपस्थात्याचे चार गुण म्हणजे सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममत्व आणि शुचिता. यांतले ममत्व या बायकांत पुष्कळदा भरपूर आढळते. ज्ञान देण्याचे काम मात्र कोणीच अंगावर घेत नाही. चरकाच्या उपकल्पनीय अध्यायात शोधनापूर्वी सिद्ध ठेवायच्या घराचे वर्णन आहे. घर दृढ, वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित तरी एका बाजूने हवेशीर, आत सुखाने फिरता येईल असे, धूर-धूळ-ऊन न लागणारे. पाणी, शौचकूप, स्नानाची जागा, स्वयंपाकघर सारे जोडलेले. सेवकांत पेज-वरण नीट रांधणारे, स्नान घालणारे, अंग रगडणारे, उठविणारे-बसविणारे, औषध वाटणारे, आणि त्यांच्याबरोबर गाणारे, वाजविणारे, गोष्टी सांगणारेही. दुभती, शांत, वासरू जिवंत असलेली गायसुद्धा त्या यादीत आहे. हे श्रीमंतांपुरते होते असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. पण रुग्णाला उठवून बसविणे ही शिकून घ्यायची कला आहे, हे त्या काळी माहीत होते. गोष्टी सांगणाऱ्याची जागा आज दिवसभर चालू असलेल्या दूरचित्रवाणी संचाने घेतली आहे.

व्यवसायबंधूंचा आक्षेप आम्हांला माहीत आहे. आठवड्यातून एक तास, मानधन जेमतेम पेट्रोलपुरते, संस्था दुसऱ्याची, बोललो तर उद्या दुसरा वैद्य येईल. चारही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांतून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून गप्प राहावे’ हा नसून ‘म्हणून नाव देऊ नये’ हा आहे. पाटीवर नाव द्यायचेच तर आमच्या मते काही अटी आधी लेखी ठरवाव्यात. प्रत्येक रुग्ण स्वतः पाहिल्याशिवाय औषध लिहिले जाणार नाही. आधुनिक औषधांची चालू यादी समोर असेल. महिन्यातून एकदा आप्तांशी चालकांच्या गैरहजेरीत बोलता येईल. तक्रारीची भीती कमी करण्याचा यापेक्षा साधा उपाय आम्हांला दिसत नाही. आणि भेटीतला अर्धा तास सेविकांना शिकविण्यासाठी राखून ठेवला जाईल : भरविताना कसे बसवावे, कोणते औषध कुटून द्यायचे नाही, कोणत्या लक्षणाला रात्रीच फोन करायचा. ज्या संस्थेला हे जाचक वाटेल, तिला आपले नाव केवळ शोभेसाठी हवे होते, असे समजावे.

संघटनेच्या येत्या सर्वसाधारण सभेत या अटींचा मसुदा मांडावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. तोवर ज्या सदस्यांची नावे अशा पाट्यांवर आहेत, त्यांनी पुढील भेटीच्या वेळी रात्रपाळीची नोंदवही मागून पाहावी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती नोंदी आहेत, त्या वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहेत की सकाळी एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेल्या, हे तपासावे.