ऐकणाऱ्याचें कर्तव्य

अंधेरीच्या स्थानकावर सकाळीं गाडीची वाट पाहत उभे असतां बहुतेकांच्या कानांत कांहीं ना कांहीं वाजत असतें. कोणी गाणें ऐकतो, कोणी बातम्या, तर कोणी चर्चा. ऐकण्याचीं साधनें आज जितकीं विपुल आहेत तितकीं पूर्वीं कधींच नव्हतीं. परंतु जें ऐकलें त्यावर घरीं येऊन चार शब्द बोलणारा, अथवा बोलणाऱ्यास उलट प्रश्न विचारणारा मनुष्य मात्र विरळा. नभोवाणीवरील चर्चा ऐकणाऱ्याच्या प्रश्नावांचून अपुरी राहते, असें माझें मत आहे. तें कां, हें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या शेजारीं एक वयस्क बाई राहतात. आम्ही मुलें त्यांना आत्या म्हणतों. त्या अविवाहित असून एकट्याच राहतात व अजून नोकरी करतात. एके दिवशीं नभोवाणीवर आरोग्यविषयक चर्चा चालू होती आणि श्रोत्यांस दूरध्वनीनें प्रश्न विचारण्याची मुभा होती. आत्यांनीं विचारलें, "मी कामावरून सात वाजतां घरीं येतें, जवळचा दवाखाना त्यापूर्वींच बंद होतो. मग माझ्यासारखीनें औषध केव्हां आणावें?" उत्तर आलें, "रोज सकाळीं चालत जा, मीठ कमी खा, मन प्रसन्न ठेवा." आणि लागलीच पुढें, "औषध आणावयास आपल्या घरांत दुसरें कोणी नाहीं काय?" आत्यांनीं दूरध्वनि खालीं ठेवला, त्या दिवशीं त्यांच्या घरांतून पुन्हां रेडिओचा आवाज ऐकूं आला नाहीं.

उपदेश खोटा नव्हता. पण प्रश्न निराळा होता. मीठ किती खावें हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न. दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असावा हा धोरणाचा प्रश्न. मुंबई महानगरपालिकेनें २०२२ सालापासून 'आपला दवाखाना' या नांवानें जे दवाखाने सुरू केले, त्यांपैकीं अनेकांची वेळ रात्रीं १० पर्यंत ठेवली, ती कष्टकरी लोकांची ही अडचण ओळखूनच. आईनें व मीं चौकशी केली तेव्हां असा एक दवाखाना आत्यांना सोयीचा आहे असें आढळलें. आम्हां दोघांना त्यासाठीं अर्धा तास लागला. नभोवाणीवरून तेंच अर्ध्या मिनिटांत सहस्रावधि श्रोत्यांस कळलें असतें. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यांतील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ सालीं झाला. तिचा लाभ कोणत्या रुग्णालयांत मिळतो, कागदपत्रें कोणतीं लागतात, एकट्या राहणाऱ्या मनुष्यानें काय करावें, हे प्रश्न चर्चेंत कोणी विचारल्यावांचून आपण होऊन सुटत नाहींत.

दुसऱ्या वाक्यानें आत्यांना अधिक दुखविलें असावें. एकटें राहणें म्हणजे कांहीं तरी उणें असणें, असें आपण न बोलतां गृहीत धरतों. २०११ च्या जनगणनेप्रमाणें विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित व अविवाहित मिळून आपल्या देशांत सात कोटींहून अधिक एकट्या स्त्रिया होत्या. इतक्या मोठ्या समूहाविषयीं बोलतांना दयेचा सूर लावणें बरें नव्हे. १९४२ च्या लढ्यांत ज्यांनीं याच मुंबईंतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविला व त्यासाठीं कारावास भोगला, त्या उषा मेहता आजन्म अविवाहित राहिल्या. दुर्गा भागवतही अविवाहितच. १९७५ सालीं कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित असतां, त्यांनीं आणीबाणीविरुद्ध निर्भयपणें आवाज उठविला. यांच्या आयुष्यांत काय उणें होतें?

दुर्गाबाईंचें हें उदाहरण साहित्यविषयक चर्चांनाही लागू पडतें. तेथें बहुधा स्तुतीस स्तुति जोडली जाते. लेखक आणि मुलाखतकार एकमेकांस धन्यवाद देतात व वेळ संपते. "हें पुस्तक मला पटलें नाहीं, त्याचें कारण असें," असें म्हणणारा वाचक तेथें आला, तर लेखकाचा अपमान होणार नाहीं. उलट आपलें लिखाण कोणीतरी मनापासून वाचलें याचें त्याला समाधानच वाटेल.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पुढें 'आपली आवड' सारख्या कार्यक्रमांत गाण्याची फर्माईश करणाऱ्या श्रोत्यांचीं नांवें वाचलीं जात, आणि आपलें नांव ऐकण्यासाठीं घरेंच्या घरें कान देऊन बसत. गाण्यासाठीं श्रोत्याचें नांव घेतां येतें, तर प्रश्नासाठीं कां येऊं नये? ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. मालमत्ता सर्वांची, तर ती नीट वापरली जाते कीं नाहीं हें पाहणेंही सर्वांचें काम.

म्हणून विद्यार्थिमित्रांना व पालकांना एक विनंति आहे. आठवड्यांतून एक चर्चा घरांतील सर्वांनीं एकत्र बसून ऐकावी. ती संपल्यावर प्रत्येकानें एक प्रश्न काढावा आणि त्यांतील उत्तम प्रश्न त्या केंद्राकडे लिहून पाठवावा. उत्तर आलें नाहीं तर पुन्हां पाठवावा. शेजारीं कोणी एकटें राहत असेल तर त्यांनाही बोलवावें. मात्र उपकार म्हणून नव्हे, तर त्यांचा प्रश्न कदाचित् आपल्या प्रश्नाहून चांगला असेल म्हणून.

आत्यांचा प्रश्न आमच्या सर्वांहून चांगला होता. तो आतां आम्हीं लिहून पाठविला आहे. खालीं सही पहिली त्यांची आहे.