“प्रोग्राम चालत नाही” म्हणजे नेमके काय?

मध्यंतरी कुडाळला घरी होतो. रात्री साडेदहाला मोहल्ल्यातल्या एका मुलीचा निरोप आला, “भाई, प्रोग्राम चालत नाही.” सोबत मोबाइलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो. त्यात निळा पडदा, त्यावर ट्यूबलाइटची चकाकी, आणि एररची ओळ नेमकी फोटोबाहेर राहिलेली. सकाळी दहाला तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती.

मला राग आला नाही. तिच्या वयात मी याहून वाईट केले आहे. शेवटच्या वर्षाला असताना कोणाकडून तरी पेन ड्राइव्हवर फुकटचे ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर आणले. त्याच्याबरोबर आलेल्या व्हायरसने प्रोजेक्टच्या फाइली खाल्ल्या. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. मग शहरातल्या एका दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत घेतला, त्यावर माझे नाव घातले आणि पास झालो. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत त्याच प्रोजेक्टवर साधे तीन प्रश्न आले. तिन्हींना मी गप्प होतो. अब्बांनी त्या प्रोजेक्टचे पैसे कसे उभे केले होते, ते मला माहीत होते.

आमची मुले कमी पडतात ती डोक्याने नाही. विचारायला माणूस नसतो. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये शेजारच्या खोलीचे दार वाजवले की काम होते. इथे घरात पहिलीच मुलगी कॉलेजात गेलेली असते, भाऊ आखातात, आणि कॉम्प्युटरच्या दुकानात मगरिबनंतर बसायचे तर तिला एकटीला कोण पाठवणार? दुकानदारही विंडोज टाकून देतो, प्रोग्राम समजावत नाही. तो त्याचा धंदाही नाही.

तिची अडचण गमतीची होती. कॉलेजात अजून टर्बो सी++ शिकवतात. हे 1990च्या दशकाच्या सुरुवातीचे, डॉसच्या जमान्यातले साधन. आजच्या 64-बिट विंडोजवर ते डॉसबॉक्सच्या आधाराने चालवावे लागते. इंटरनेटवरची उत्तरे मात्र नव्या कंपायलरसाठी लिहिलेली असतात. तिने तिथून कोड उतरवला होता. नव्या पद्धतीत नुसते ‘आयओस्ट्रीम’ लिहितात, टर्बोला त्यापुढे ‘डॉट एच’ लागते. आणि ‘नेमस्पेस’ची ओळ त्याला कळतच नाही. दोन ओळी बदलल्या, काम झाले. पंधरा मिनिटे लागली, त्यातली बारा मला एररची पूर्ण ओळ मिळवण्यात गेली!

म्हणून आधी विचारायला शिकवले पाहिजे. एररची ओळ जशीच्या तशी टाइप करा, कोणता कंपायलर ते सांगा, काय करून पाहिले ते सांगा. ती ओळ इंग्रजीत असली तरी प्रश्न मराठीत विचारायला लाजू नका. चॅटबॉटही आता मराठीत उत्तरे देतात, पण नसलेली फंक्शने छातीठोकपणे सांगतात. चालवून पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नये.

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केला. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, मराठीतही, फुकट. थांबवायचे, आपल्या मशीनवर तेच करायचे, पुढे जायचे. आमच्याकडे पावसात नेटवर्क जाते. हे पाठ आधी उतरवून ठेवता येतात. लिबर ऑफिस, जीसीसी, पायथन हीही मोफत आहेत, कायदेशीर आहेत. क्रॅकच्या वाटेला जायचे कारणच उरत नाही.

मला वाचकांतल्या नोकरदार इंजिनिअरांशी बोलायचे आहे. सुट्टीत गावी आलात की लग्ने आणि दावती होतातच. एक दुपार जमातीच्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, आयांनाही येऊ द्या. दुसऱ्याचा प्रोजेक्ट स्वतः करून देऊ नका. शेजारी बसा, हात मागे ठेवा. हे शेवटचे फार कठीण जाते, मी अजून शिकतो आहे.

परवा त्याच मुलीचा पुन्हा निरोप आला. फोटो नव्हता. एररची ओळ, ओळ क्रमांक आणि खाली, “सेमीकोलन राहिलाय वाटतं, बघते.” पुढचा निरोप आलाच नाही.