तपासणीचा रकाना कोरा का?

गेल्या दोन महिन्यांतल्या वाचकांच्या पत्रांत एकच रड आहे. पाण्यात सापडलेली गाडी टोचन करून गॅरेजला आली, अर्धा दिवस घालून दोष शोधला, गाडी सुरू झाली आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बिलातली तपासणीची ओळ रेघ मारून उडवली. कारण तोंडी सांगितले जाते, लिहून कोणी देत नाही: ‘पार्ट बदललेला नाही, मग लेबर कशाचे?’

पुण्यातल्या एका सभासदाचे प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळे आले. सिंहगड रस्त्याकडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या पेट्रोल गाडीत सीटपर्यंत पाणी चढले. इंजिन बंद होते, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी ओढले जाण्याचा प्रश्न नव्हता. तरी या सभासदाने प्लग काढून, पुलीला सॉकेट लावून इंजिन आधी हाताने फिरवून पाहिले. सेल्फ नीट फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. स्कॅनर ईसीएमशी बोलेना. एबीएस आणि मीटर या दोन्ही मोड्यूलमध्ये यू0100. तोवर मालकाच्या हातात दुसऱ्या एका वर्कशॉपचे एस्टिमेट होतेच: ईसीएम बदला, कोडिंग करा. सर्व्हेअरही त्याला मान डोलावून मोकळा झाला होता.

या पठ्ठ्याने बॅटरी सोडवली आणि डायग्नोस्टिक सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स घेतला. 60 ओहम. म्हणजे कॅनची जोडी आणि दोन्ही टोकांचे टर्मिनेटर शाबूत. मग ईसीएमचा कनेक्टर काढून सप्लाय पाहिला. मल्टिमीटर म्हणतो 12.4 व्होल्ट, झकास! त्याच पिनवर 21 वॉटचा बल्ब लावला तर बल्ब नुसता लालसर झाला. आपल्यातले बहुतेक जण मल्टिमीटरच्या आकड्यावरच थांबतात आणि ‘सप्लाय आहे, अर्थ आहे, म्हणजे ईसीएम गेला’ असा निकाल देतात. वायरीची एक तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर करंट घेतच नाही. दोष निघाला फ्यूज बॉक्समध्ये, मेन रिलेच्या बैठकीत. टर्मिनलवर हिरवा चिकटा धरला होता. टर्मिनल बदलले, रिले नवा टाकला, ड्रायव्हरच्या पायाजवळचे अर्थचे पॉइंट घासून घेतले. गाडी सुरू.

आता हिशेब पाहा. गाडीला पाचवे वर्ष चालू. साध्या पॉलिसीत या वयाला ईसीएमसारख्या पार्टवर 35 टक्के घसारा कापला जातो, म्हणजे ईसीएम बदलला असता तर एक तृतीयांशाहून जास्त रक्कम मालकाच्या खिशातून आणि बाकीची कंपनीच्या. दोघांचेही पैसे वाचले. ज्याने वाचवले त्याला मिळाले रिले आणि टर्मिनलचे, शिवाय रिले बसवण्याचे लेबर. रिले बसवायला किती वेळ लागतो हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तपासणीचे अर्ध्या दिवसाचे काम: शून्य.

असे का होते? सर्व्हेअरच्या असेसमेंटमध्ये लेबर हे पार्टच्या शेपटीला बांधलेले असते. अमुक पार्ट काढणे-बसवणे इतके, डेंटिंग इतके, पेंटिंग इतके. ‘दोष शोधणे’ असा रकाना नाही. विचारले तर उत्तर मिळते की तपासणी लेबरमध्ये धरलेलीच असते. पार्ट मोठा असेल तर धरलेली असेलही. पार्ट नसेल तर कशात धरली, साहेब? रक्ताच्या तपासणीत काही निघाले नाही म्हणून कुठली लॅब पैसे परत करते? हा हिशेब मेकॅनिकला एकच गोष्ट शिकवतो: शोधू नकोस, बदल. कनेक्टर वाळवणाऱ्याचे बिल कापले जाते आणि महागडे मोड्यूल बदलणाऱ्याचे पास होते. विमा कंपन्यांचे क्लेम का फुगतात याचा अभ्यास करायला मोठ्या समित्या नकोत. ही एक रेघ पुरे.

आणि दाद कुठे मागायची? विमा नियामकाचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल पॉलिसीधारकासाठी. विमा लोकपाल पॉलिसीधारकासाठी. गॅरेज त्यांच्या लेखी कोणीच नाही. मालक तक्रार करील म्हणावे तर त्याची गाडी सुरू झालेली असते, तो कशाला भांडेल? कापलेली रक्कम त्याच्याकडे मागितली की तोच म्हणतो, ‘तुम्ही काही बदललंच नाही ना!’

इथवर राग सर्व्हेअरवर. आता थोडा स्वतःवर.

गिऱ्हाईकाला हे वाक्य कोणी शिकवले? आपणच. गॅरेजच्या दारावर ‘चेकिंग फ्री’चा फलक कोणी लावला? गाडी सेल्फ घेत नाही म्हटल्यावर न मोजता बॅटरी खपवायची, कारण बॅटरीत मार्जिन आहे आणि मोजण्यात नाही, हा धंदा आपल्या गल्लीत रोज चालतो. लोड टाकल्यावर व्होल्टेज 9.6च्या खाली जातो का, हे पाहायला मिनिट लागत नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत किती व्होल्ट पडतो हे पाहायला आणखी एक. तिथे अर्धा व्होल्ट दिसत असेल तर दोष अर्थच्या केबलमध्ये आहे. नवी बॅटरी टाकून चार दिवस ढकलाल, पाचव्या दिवशी गाडी पुन्हा दारात. स्कॅनर घेणारे वाढले, त्याचे कौतुक आहे. पण स्कॅनरवर कोड आला की तोच पार्ट मागवायचा, ही स्कॅनरची पूजा झाली. पाच व्होल्टच्या रेफरन्स लाइनवर एक प्रेशर सेन्सर शॉर्ट झाला की भलत्याच तीन सेन्सरचे कोड येतात. एकेक सेन्सर सोडवत व्होल्टेज कधी परत येतो ते पाहणे, हे काम स्कॅनर करत नाही.

माहिती मिळत नाही ही तक्रार मान्य. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014मध्ये 14 कार कंपन्यांना 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पार्ट आणि डायग्नोस्टिक साधने खुली करा असे बजावले, बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असेही सांगितले. मग अपिले, मग कोर्टे. 2022च्या डिसेंबरात ग्राहक मंत्रालयाने ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल उघडले, तिथे आपल्या मॉडेलच्या ईसीएमचा पिनआऊट शोधून पाहा आणि सापडला तर आम्हालाही कळवा. इम्मोबिलायझरची चावी जोडायला कंपनीचे ऑनलाइन लॉगिन लागते, त्यासाठी चालू इंजिनाची गाडी टोचन करून न्यावी लागते, यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहू. पण व्होल्टेज ड्रॉप मोजायला कुठल्या कंपनीची परवानगी लागते?

म्हणून मंडळी, या महिन्यापासून चार गोष्टी करा. ‘चेकिंग फ्री’चा फलक उतरवा. तिथे तपासणीचा तासाचा दर लावा आणि गाडी आत घेण्याआधी गिऱ्हाईकाची त्यावर सही घ्या. जॉब कार्डावर आकडे लिहा: स्थिर व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा व्होल्टेज, दोन्ही बाजूंचा ड्रॉप, सप्लाय पिनवर बल्ब पेटला की नाही, कोडांची यादी पुसण्यापूर्वीची. ‘वायरिंग चेक केले’ असे लिहू नका. त्या ओळीला सर्व्हेअर रेघ मारतो यात त्याची फारशी चूक नाही. आणि पाण्यातल्या गाडीचा फोन आला तर आधी एवढेच सांगा: चावी फिरवू नका, स्टार्ट करून बघू नका. कनेक्टिंग रॉड वाकला की तो परिणामी नुकसान ठरतो आणि इंजिनाचे वेगळे कव्हर नसेल तर कंपनी हात वर करते.

तपासणीचे लेबर कापलेली बिले आमच्याकडे पाठवा. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत आलेली सगळी एकत्र करून हैदराबादला विमा नियामकाकडे आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडे असेसमेंटमध्ये तपासणीचा स्वतंत्र रकाना मागणारे निवेदन द्यायचे आहे. गिऱ्हाईकाचे नाव, गाडीचा नंबर आणि क्लेम नंबर झाकून टाका. बिलासोबत सर्व्हेअरची असेसमेंट शीट हवी आणि जॉब कार्डही हवे. जॉब कार्डावर आकडे नसतील तर ते बिल पाठवू नका. त्याने आपलीच बाजू पडेल.