कुष्ठरोग : जंतूंचा हिशेब आणि नसांची उपेक्षा

कुष्ठरोगाचा जंतू स्वतः कोणतेही जहाल विष निर्माण करीत नाही, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू विलक्षण मंदगती आहे. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. पटकीच्या जंतूला त्यासाठी तासभरही लागत नाही. तो ज्यांच्या शरीरात शिरतो त्यांतील बहुसंख्यांना रोग होतच नाही. मग हात वाकडे होतात, पाय बधिर होतात, ते कशामुळे? बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेमुळे, असे या प्रश्नाचे उत्तर आहे.

शरीरात शिरलेल्या जंतूंना भक्षक पेशी गिळतात. परंतु गिळणे म्हणजे मारणे नव्हे. हा जंतू भक्षक पेशीच्या पोटातच संसार थाटतो. त्याला तेथे मारावयाचे तर टी-पेशींनी इंटरफेरॉनसारखे द्रव्य सोडून भक्षक पेशीला चेतवावे लागते. काही रुग्णांत हे जोरकसपणे घडते. अशांच्या अंगावर एखाददुसराच चट्टा उमटतो व जंतू शोधूनही सापडत नाहीत. पण नसेभोवती जमलेल्या पेशींच्या या गर्दीत नसच चिरडली जाते. उलटपक्षी, काहींच्या टी-पेशी जणू जाग्याच होत नाहीत. त्यांच्या त्वचेत कोट्यवधी जंतू सुखेनैव नांदतात. रक्तात प्रतिपिंडे विपुल असतात, परंतु पेशीच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत ती पोहोचत नाहीत. रिडले व जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये ही दोन टोके आणि त्यांमधील पायऱ्या स्पष्ट केल्या. बरेच रुग्ण मधल्या पायऱ्यांवर असतात आणि तेथे प्रतिकाराचा तोल स्थिर नसतो.

हा तोल अकस्मात ढळतो तेव्हा जे घडते त्यास डॉक्टर ‘रिअॅक्शन’ म्हणतात. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराजवळची नस दुखू लागते आणि थोड्याच दिवसांत करंगळी व अनामिका वाकू लागतात. दुसऱ्या एका प्रकारात ताप येतो व अंगावर दुखऱ्या गाठी उठतात. हे उपचार चालू असतानाही घडते आणि उपचार पूर्ण झाल्यावरही घडते. कारण मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात दीर्घकाळ राहतात व प्रतिकारपेशी त्यांच्याशीही झुंजत राहतात. झेब्राफिश या पारदर्शक माशावरील २०१७ च्या संशोधनात तर असे दिसले की, जंतूच्या आवरणातील एका मेदद्रव्याने चेतविलेल्या भक्षक पेशीच नसेच्या आवरणाची हानी करतात.

आता आपल्या कार्यक्रमाकडे पाहू. १९८३ पासून राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम व बहुविध औषधोपचार यांनी केलेले कार्य निःसंशय मोठे आहे. डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट साधल्याचे जाहीर झाले. तथापि हा आकडा औषध चालू असलेल्या रुग्णांचा असतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की, साठा हा प्रवाह आणि कालावधी यांवर ठरतो. १९९८ च्या सुमारास बहुजिवाणू रुग्णांचा उपचार चोवीस महिन्यांवरून बारावर आला. वैद्यकीय दृष्ट्या तो निर्णय योग्यच होता. पण एकही माणूस कमी आजारी न पडता नोंदवहीतील असे रुग्ण त्यामुळे जवळजवळ निम्म्याने घटतात. नव्या रुग्णांचा प्रवाह आजही वर्षाला एक लाखाच्या आसपास, म्हणजे जगातील निम्म्याहून अधिक आहे.

विकृतीचा जो आकडा ठळकपणे छापला जातो तो निदानाच्या दिवशी दिसणाऱ्या विकृतीचा. त्यानंतर वाकलेले बोट त्यात येत नाही. रुग्ण ‘उपचारमुक्त’ होतो आणि नसेचा दाह सुरू झाला की कोठे जावे हे त्याला ठाऊक नसते. वस्तुतः प्रेडनिसोलोनसारखे स्वस्त औषध वैद्यकीय देखरेखीखाली वेळीच, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांच्या आत, सुरू झाले तर बऱ्याच नसा वाचविता येतात. मुंबई-पुण्यात हे जमेल. गडचिरोलीच्या आडगावातील मजुराला मात्र एका खेपेसाठी रोजगार बुडवावा लागतो.

याची किंमत कोण देतो? उपचार संपवून कामावर परतलेल्या कारकुनाचा हात वाकडा झाला की कचेरीत ‘रोग उलटला’ अशी कुजबुज सुरू होते. वस्तुतः नियमाने औषध घेतलेल्या त्या माणसापासून कोणासही लागण होण्याची भीती नसते. त्याच्या शरीरात चाललेला दाह बहुधा मेलेल्या जंतूंविरुद्धचा असतो.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हातापायांची संवेदना व स्नायूंची ताकद ठराविक काळाने तपासली जावी, आणि ती उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. बॉलपेनचे टोक आणि शिकविलेली परिचारिका पुरते. आणि जिल्ह्याच्या वार्षिक अहवालात एक स्तंभ वाढवावा : निदानाच्या वेळी धड असलेले किती हात उपचारानंतर धड राहिले?